तिसरी अट

काही प्रश्न शिकलेल्या माणसाला विचारूच नयेत. त्याला उत्तर येत नाही असे नाही; दोन उत्तरे येतात, आणि दोन्ही खरी वाटतात. गेल्या वर्षी पाडव्याच्या सकाळी दादाच्या घरी फराळाला बसलो असताना असाच एक प्रश्न माझ्या ताटात येऊन पडला, आणि वहिनींच्या चकलीची चव त्या दिवशी मला काही कळली नाही.

प्रश्न तसा साधा होता. माझ्या पुतणीने त्या उन्हाळ्यात मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय घेऊन एम.बी.ए. केले होते. आणि दादा त्याच पावसाळ्यात एका कारखान्याच्या टाइम ऑफिसातून, सदतीस वर्षांच्या नोकरीनंतर, निवृत्त झाला होता. म्हणजे एकाच घरात एकाच मालाचे एक दुकान बंद होत होते आणि दुसरे उघडत होते. अशा वेळी माल कोणाचा खरा, हा वाद निघायचाच.

"दोन वर्षांत माणसं शिकवतात होय गं?" दादाने विचारले.

"आणि सदतीस वर्षांत माणसं कळतातच, असं तरी कुठे आहे, बाबा?" पुतणी म्हणाली.

दादाने करंजी अर्धी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. वहिनींनी ओळखले, की हे प्रकरण आता फराळाच्या हद्दीबाहेर चालले आहे. त्या घाईघाईने म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच सांगा. तुम्ही प्रोफेसर. उद्या एखाद्या कचेरीत असा माणूस नेमायचा झाला, तर डिग्रीवाला घ्यावा की अनुभवाचा?"

मराठीच्या प्राध्यापकाला सगळ्या विषयांवर मत असते, अशी आमच्या घराची समजूत आहे, आणि ती मीच गेली पंचवीस वर्षे जोपासली आहे. पण त्या सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावला तो खाली ठेवीना. कारण वहिनी 'उद्या' म्हणत होत्या ती गोष्ट माझ्या बाबतीत काल होऊन गेली होती. तीन महिन्यांपूर्वी अगदी हाच प्रश्न माझ्यापुढे खुर्चीवर येऊन बसला होता, आणि मी त्याचा निकाल देऊन मोकळा झालो होतो. दादाला मात्र सांगितले नव्हते.

का सांगितले नव्हते, हे कळायला दादा कोण हे आधी कळायला हवे.

आमचे वडील आजारी पडले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दादा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने पुस्तके रद्दीत न घालता ट्रंकेत ठेवली, एवढाच काय तो त्याचा विरोध. आणि १९८७ साली तो एका कारखान्याच्या फाटकाशी हंगामी कारकून म्हणून बसला. कामगार येत, भिंतीवरच्या घड्याळात कार्ड घालत, ठप्प असा आवाज होई, आणि दादा खाडे मांडी. पुढे कार्डे गेली, अंगठ्याचे यंत्र आले. दादा तिथेच होता. सहाशेवर माणसे त्याला तिकीट नंबरानिशी पाठ होती. आणि नंबराच्या मागे कोणाची आई आजारी, कोणाचा पगार बायकोच्या हाती द्यावा लागतो, कोणाच्या मुलीचे लग्न मोडले आहे, हेही पाठ होते.

त्याची एक गोष्ट मला फार आवडते. एक लेथवाला दर पगाराच्या दिवशी अकराच्या सुमाराला पोट दुखते म्हणून अर्ध्या दिवसाची रजा मागे. वरच्या साहेबांनी दोनदा मेमो दिला, तिसऱ्यांदा डॉक्टरकडे पाठवले. पोटात काही निघाले नाही. दादाने फक्त फाटकाबाहेर पाहिले. पगाराच्या दिवशी संध्याकाळी तिथे व्याजाने पैसे देणारे दोघे स्कूटरवर बसून असत. त्यांच्या आधी घर गाठायचे, एवढेच त्या पोटदुखीचे कारण होते. दादाने त्याला गोळीही दिली नाही आणि मेमोही दिला नाही. कारखान्याच्या पतपेढीचा कर्जाचा अर्ज भरून घेतला. दोन महिन्यांनी पोट थांबले.

अशा माणसाला २००६ साली कार्मिक अधिकाऱ्याची जागा मिळायला हवी होती. मिळाली नाही. जागेला पदवी आणि पदविका लागत होती, आणि दादापाशी ट्रंकेतली पुस्तके होती. जागेवर एक पदवीधर तरुण आला. तो वाईट नव्हता. सहा महिने तो दादाच्या शेजारी खुर्ची टाकून काम शिकला, आणि सातव्या महिन्यापासून दादाच्या रजेच्या अर्जावर सही करू लागला. मी त्या वर्षी चिडून नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा प्रवेशअर्ज दादाला आणून दिला. त्याने तो सुवाच्य अक्षरात भरलाही. पण जूनमध्ये पुतणीच्या शाळेची फी आली आणि अर्ज ट्रंकेत गेला.

हे सांगायचे कारण असे, की माझी एम.ए.ची पदवी दादाच्या पगारातून झाली आहे आणि पुतणीची एम.बी.ए.ही. आमच्या घरातल्या सगळ्या पदव्या एका बिनपदवीच्या माणसाने विकत घेतलेल्या आहेत. त्याच्यासमोर बसून 'पदवी श्रेष्ठ' म्हणणे हा कृतघ्नपणा. आणि 'अनुभव श्रेष्ठ' म्हणणे, तर ज्या पदवीपायी तो राबला तीच फुकट गेली असे त्याला ऐकवणे. चहाचा कप खाली ठेवायचा तरी कसा?

आता त्या तीन महिन्यांपूर्वीच्या गोष्टीकडे येतो. एका धर्मादाय रुग्णालयाला मनुष्यबळ अधिकारी नेमायचा होता. तिथल्या आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातली माणसे, झाडूवाले सगळे मराठी बोलणारे. म्हणून उमेदवाराचे मराठी पारखायला निवड समितीवर एक भाषेचा माणूस हवा, असे कोणा विश्वस्ताच्या मनात आले, आणि ओळखीने ते काम माझ्याकडे आले. प्राध्यापकाला कोठेही बोलावले, की तो आधी ग्रंथालयात जातो. मीही गेलो. मनुष्यबळ अधिकारी ही वस्तू आपल्याकडे मुळात आली कोठून, ते वाचून काढले. वाचले ते मनोरंजक होते. आणि माझ्या समजुतींना धक्का देणारेही होते.

माझी समजूत अशी, की पूर्वी अनुभवी माणसे माणसे नेमत, आणि मग पदवीवाल्यांनी येऊन ते सारे कोरडे करून टाकले. पण मुंबईच्या गिरण्यांत माणसे नेमणारा जो होता, तो जॉबर. हा गडी स्वतः साच्यावर काम करून वर आलेला. त्याच्याएवढा अनुभव मालकालाही नसे. गावाकडून माणसे आणावीत, कामाला लावावीत, खोली पाहून द्यावी, अडीनडीला उचल द्यावी, हे सारे तो करी. बायकांच्या खात्यात नायकिणी असत. आणि या सगळ्या अनुभवाची किंमत म्हणून तो दस्तुरी घेई. कामावर घेताना दस्तुरी, बदलीला उभे करताना दस्तुरी. दिली नाही तर दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर. मी डोळे मिटून दादाची आणि जॉबरची तुलना करून पाहिली. दादाने आयुष्यात कोणाचा कपभर चहा फुकट घेतला नाही. पण सत्ता तीच होती, जागाही तीच होती, फाटकाची. फरक होता तो माणसाच्या सचोटीचा, अनुभवाचा नव्हे.

या जॉबरच्या हातून नेमणुका काढून घ्या, असे १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात सांगितले. आपले ना. म. जोशी त्या आयोगाचे एक सदस्य होते. आयोगाने म्हटले, कारखान्याने स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा, आणि नेमणूक त्याच्याच हातून व्हावी. हा अधिकारी कसा असावा तेही सांगितले. त्यात सचोटी होती, उमेद होती, माणूस ओळखण्याची हातोटी होती आणि भाषा अवगत असणे होते. पदवीचे नाव त्या गुणांत नव्हते.

पदवी मागून आली. १९३४ साली मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांच्या समेटाचा कायदा करून सरकारी कामगार अधिकारी नेमला. १९३६ साली नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाची समाजकार्याची शाळा निघाली; तीच पुढची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४७ साली परळची श्रमविज्ञान संस्था आली. तिला आज नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे, ज्यांच्या खटपटीने गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४९ आले, की पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. २०२० च्या संहितेने तो आकडा अडीचशेवर आणला. या अधिकाऱ्यासाठी जे नमुना नियम झाले, त्यांत तीन अटी होत्या. पहिली, विद्यापीठाची पदवी. दुसरी, समाजकार्याची पदवी किंवा पदविका. आणि तिसरी, त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान.

तिसरी अट वाचून मराठीचा मास्तर खूश झाला, हे काय सांगायला हवे! त्या आनंदाच्या भरात 'ज्ञान' म्हणजे काय, हे मात्र मी स्वतःला विचारले नाही. शुद्धलेखन म्हणजे ज्ञान, असे धरून चाललो. रुग्णालयाला काही कारखान्याचा कायदा लागू नव्हता. पण अट चांगली होती. मी एक परीक्षा बेतली. प्रत्येक उमेदवाराला सांगायचे, की वॉर्डातली एक आया दहा दिवस न कळवता गैरहजर आहे. तिला पत्र लिहा. वेळ दहा मिनिटे.

शेवटी दोघे उरले. एक गृहस्थ पंचेचाळिशीचे. पदवी होती, पण या विषयातली पदव्युत्तर नव्हती. दुसऱ्या एका रुग्णालयाच्या आस्थापना विभागात वीस वर्षे काढलेली. ते रुग्णालय बंद पडले म्हणून इकडे आलेले. दुसरी सत्तावीस वर्षांची मुलगी. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची नोकरी.

समितीत आम्ही पाच. विश्वस्तांना ते गृहस्थ हवे होते, कारण 'तयार माणूस आहे, आल्या दिवसापासून कामाला लागेल'. आणि, हे त्यांनी हळू आवाजात सांगितले, 'पगारातही बसतो.' वैद्यकीय अधीक्षकांना मुलगी हवी होती, कारण तपासणीला कोणी आले तर पदवी कागदावर बरी दिसते. म्हणजे अनुभवाची बाजू घेणारा स्वस्ताईवर होता आणि पदवीची बाजू घेणारा शोभेवर. आपल्याकडे पुष्कळ तात्त्विक वाद असेच चालतात.

हिशेबनीसांनी एक प्रश्न विचारला. शेवटचे वेतन तेरा हजार आणि नोकरी वीस वर्षे, तर उपदान किती? गृहस्थांनी कागदही न घेता सांगितले, दीड लाख. दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, आणि एका दिवसाचे वेतन काढताना महिन्याला भागायचे ते सव्वीसने. मुलीने तीसने भागले. एक लाख तीस हजार. ऐकायला ही चूक लहान आहे. पण वीस वर्षे दुसऱ्यांची मळलेली अंथरुणे बदलणाऱ्या बाईच्या म्हातारपणातले ते वीस हजार रुपये आहेत. मी गृहस्थांच्या नावापुढे दोन बरोबरच्या खुणा केल्या.

मग माझी परीक्षा. गृहस्थांनी लेखणी उचलली आणि तीन मिनिटांत पत्र पुढे ठेवले. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की...' असे सुरू होऊन 'सदर बाब गंभीर असून आपणांस सक्त समज देण्यात येत आहे' असे संपणारे. अक्षर मोत्यासारखे. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. माझ्या वर्गात हे पत्र आले असते, तर मी ते फळ्यावर लावले असते.

मुलीने लेखणी उचललीच नाही. तिने विचारले, "सर, या बाईंना वाचता येतं का?"

खरे सांगतो, हा प्रश्न मला सुचला नव्हता. परीक्षा काढणाऱ्याला प्रश्नपत्रिकेच्या बाहेरचे काही सुचत नाही. मी म्हटले, "समजा, नाही येत."

"मग पत्र कशाला? ते दुसरं कोणीतरी त्यांना वाचून दाखवणार, आणि सगळ्या वॉर्डाला कळणार. मी आधी त्यांच्या जोडीच्या आयेला विचारीन. मग घरी निरोप. पत्र लिहायचंच झालं, तर मोठ्याने वाचलं तरी त्यांना लाज वाटणार नाही असं लिहीन." आणि तिने चार ओळी लिहिल्या. त्यांत दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या.

मी विचारले, हे कोणी शिकवले? ती म्हणाली, अभ्यासक्रमात आठवड्यातून दोन दिवस वस्तीत जावे लागे. "पहिल्याच महिन्यात मी एका मावशींना शिधापत्रिकेचा फॉर्म वाचायला दिला. त्यांनी तो उलटा धरला आणि बराच वेळ वाचत राहिल्या. त्या दिवसापासून मी आधी विचारते."

माझ्या डोक्यातल्या दोन्ही पाट्यांची अदलाबदल झाली. ज्याला आम्ही अनुभव म्हणत होतो, तो वीस वर्षांत घोटून घोटून एका नमुन्यात जाऊन बसला होता. माणूस कोणीही असो, पत्र तेच. आणि जिला आम्ही पदवी म्हणत होतो, तिच्या पोटात उलट्या धरलेल्या एका कागदाचा अनुभव होता. आम्ही सरकारी मराठीत 'समज देण्यात येत आहे' असे लिहितो. ती समज ज्याला द्यायची त्याला ती समजते की नाही, हे पाहणे म्हणजे भाषेचे ज्ञान. नियम करणाऱ्यांना तिसऱ्या अटीत तेच म्हणायचे असावे, असे मला त्या क्षणी वाटले.

मते दोनाला दोन पडली. पाचवे माझे. सव्वीसने भागणे आठवड्यात शिकवता येते, 'वाचता येतं का?' हे शिकवता येत नाही, असा विचार करून मी मुलीच्या बाजूने मत दिले. मत बरोबर होते, असे मला आजही वाटते. पण बाहेर आलो तेव्हा ते गृहस्थ व्हरांड्यातल्या बाकावर आपली प्रमाणपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरत होते. आधी एक घडी, मग दुसरी, मग वरून हात फिरवून. अगदी दादासारखे. मला पाहून ते उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पत्रात काही चुकलं का हो?"

मी म्हटले, "नाही. एकही चूक नव्हती."

त्यांना बरे वाटले. तेच मला डाचत राहिले.

तर पाडव्याच्या सकाळी हे सगळे त्या चहाच्या कपात होते. अखेर कप रिकामा झाला आणि मी ते सांगून टाकले, अगदी व्हरांड्यासकट. पुतणीचा चेहरा उजळत गेला. दादाचा हलला नाही. माझे झाल्यावर तो म्हणाला, "तू बरोबर केलंस."

मला हायसे वाटले. वहिनींनी सुटकेने चिवड्याचा डबा उघडला. पण पुतणीला जिंकून थांबता येईना. वय वाईट.

"बघा बाबा! आणि आमच्याकडे हेही शिकवतात, की कोणाला घेतलं ते नुसतं मोजायचं नाही. कोणाला बोलावलंच नाही, तेही मोजायचं. तुमच्या खात्यात हंगामी भरती कोणाची व्हायची? आपल्या तालुक्यातल्या मुलांची. रोज फाटकाशी उभी राहणारी बाकीची मुलं कुठली होती, कधी विचारलंत? आणि सदतीस वर्षांत मशीनवर एक तरी बाई?"

हे अनपेक्षित होते. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ओळखीचा मुलगा टिकतो, असा अनुभव होता."

"ओळखीचाच घेतला, तर ओळखीचाच टिकणार ना! दुसऱ्याचा अनुभव यायचा कसा?"

मला जॉबर आठवला. दस्तुरी न घेणारा, सज्जन, माझा सख्खा भाऊ असलेला जॉबर. अनुभव माणसाला डोळे देतो हे खरे. पण ते एकाच खिडकीतून पाहायला शिकवतो, आणि पुढे पुढे खिडकीलाच जग म्हणायला लावतो. पदवी दुसरी खिडकी दाखवते. तेवढ्यावर उभे राहून बाहेर पडलोच नाही, तर तीही भिंतीवरच्या चित्रासारखी. माझ्यापाशी या विषयावर असे एक सुंदर वाक्य तयार झाले होते, आणि ते मी फेकणार, एवढ्यात दादाने विचारले,

"त्या गृहस्थांचं नाव काय?"

मी तोंड उघडले आणि तसाच राहिलो. त्यांचे अक्षर मला आठवत होते. 'उपरोक्त'मधला 'क्त' आठवत होता. प्लॅस्टिकच्या पिशवीच्या घड्या आठवत होत्या. नाव आठवत नव्हते. ज्याच्या वीस वर्षांचा निकाल मी एका मताने लावला, त्याचे नाव मी तीन महिन्यांत विसरलो होतो. आणि समोर सहाशे नावे पाठ असलेला माणूस बसला होता.

"नोकरी लागली का त्यांना कुठे?" दादाने दुसरा प्रश्न विचारला. त्याचेही उत्तर मला ठाऊक नव्हते. पुतणीने ताटातून वर पाहिले आणि या वेळी ती बापाला काही म्हणाली नाही.

भाऊबीज आटोपल्यावर मी त्या रुग्णालयात गेलो. नवी अधिकारी आपल्या खोलीत होती. टेबलावर काचेखाली '÷ २६' असे लाल अक्षरात लिहिलेला कागद. मी चाचरत विचारले, तर तिने फाइल न उघडता नाव सांगितले. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात, निवड न झालेल्या सगळ्यांना तिने स्वतः पत्रे लिहिली होती. त्यामुळे नावे तोंडात होती. मी म्हटले, "त्यांचा नंबर द्या. माझ्या भावाला बोलायचं आहे."

"नंबर मला देता येणार नाही, सर," ती म्हणाली. "मी त्यांना विचारते. त्यांची हरकत नसेल, तर तेच फोन करतील."

दुसऱ्या दिवशी फोन आला. दादा उठून गॅलरीत गेला आणि पाऊण तास बोलत होता. मधूनमधून 'सेवापुस्तक', 'खाडे', 'सव्वीस' असे शब्द ऐकू येत होते, आणि दोनदा तर चक्क हसणे. आत आल्यावर तो म्हणाला, "माणूस चांगला आहे. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात जागा निघते आहे. शब्द टाकतो."

"बाबा!" पुतणी ओरडली. "पुन्हा ओळख!"

दादा दारातच थबकला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "बरं, शब्द नाही टाकत. पण अर्ज तू नीट लिहून दे त्यांना. आणि त्यात 'उपरोक्त' नको."

अर्ज गेला, रीतसर. त्या जागेला पदव्युत्तर पदवी लागत होती; ती त्यांना मिळाली नाही. अधूनमधून ते एका हिशेबनिसाकडे उपदानाचे आणि प्रॉव्हिडंट फंडाचे कागद करून देतात. महिन्यातून एकदा दादाला फोन येतो. त्यांचे नाव आता मला पाठ आहे.